वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय आणि घरात नोनी ज्यूस आलाय, द्यायचा का?

निळीशाई

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. बीपी जुनंच आहे, पण गेल्या दीड वर्षात क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढतं ते) हळूहळू वर सरकत चाललंय, शेवटचा रिपोर्ट २.१ चा आहे. डायलिसिसपर्यंत काही आलेलं नाही, गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय आणि दर तीन महिन्यांनी तपासणी असते. परवा आत्या आली आणि तिने पिशवीतून दोन काळपट बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. नोनी ज्यूस, म्हणजे नोनी नावाच्या फळाचा रस. ती स्वतः आठ महिने घेतेय, गुडघे हलके झाले म्हणते, झोप चांगली लागते म्हणते. बाबांना साठ मिली सकाळी उपाशीपोटी आणि साठ मिली रात्री द्यायचा असं मला दोनदा बजावून गेलीये, "किडनी आतून धुऊन निघेल बघ". आत्या बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आजी लवकर गेली तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं, त्यामुळे बाबा तिचा शब्द खाली पडू देत नाहीत आणि मलाही तिच्यासमोर नाही म्हणवलं नाही.

काल रात्री सगळे झोपल्यावर बाटली घेऊन लेबल वाचत बसले. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १५० हून जास्त पोषक घटक, पेशींना नवजीवन, झेरोनाइनयुक्त, अँटिऑक्सिडंटचा खजिना असं बरंच काही. मागच्या बाजूला इतकी बारीक अक्षरं की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. घटकांमध्ये नोनीचा रस, द्राक्षाचा घट्ट रस, ब्लूबेरीचा घट्ट रस, नैसर्गिक स्वाद. पोषणाच्या तक्त्यात कॅलरी आहेत, साखर आहे, सोडियम आहे, पोटॅशियमची ओळच नाही. आणि सगळ्यात खाली, हे उत्पादन कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. मग पुढच्या बाजूला जे लिहिलंय ते काय?

विचारायचं इतकंच की फळाचाच रस आहे तर त्याने नुकसान होऊ शकतं का? किडनीचा त्रास असलेल्या कुणी घेतलाय का? आणि यात चांगला ब्रँड, वाईट ब्रँड असं काही असतं का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलं नाहीये, मला कुणाशी भांडायचं नाही, बाबांचं काय करायचं ते हवंय.

---

दिवेलागण

ताई, बाकी सगळं नंतर, आधी बाबांचं पोटॅशियम किती आहे ते बघा, किडनी कमजोर असली की ते रक्तात साठतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टमध्येच खाली सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असं लिहिलेलं असतं, बऱ्याचदा आपण क्रिएटिनिनचा आकडा बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. आम्हीही तेच करत होतो म्हणून सांगतेय.

माझ्या आईची गोष्ट. तिचं क्रिएटिनिन २.६ होतं आणि आम्ही पोटॅशियमच्या पथ्याच्या बाबतीत फार काटेकोर, नारळपाणी बंद, केळी बंद, बटाटा चिरून कोमट पाण्यात भिजत ठेवून ते पाणी फेकून मग शिजवायचा, टोमॅटो नावाला. आणि हे सगळं करत असताना रोज दोन वेळा नोनीचा रस, कारण तो "औषध" या खात्यात होता, "खाणं" या खात्यात नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नाही की हेही फळच आहे. आईचा एक स्टीलचा पेला होता, त्यात भरून घ्यायची, कारण झाकणाने मोजत बसायचा तिला कंटाळा. नंतर मी तो पेला मोजला तर दीडशे मिली भरला.

तीन महिन्यांनी रूटीन तपासणीत पोटॅशियम ६.४ आलं. लॅबमधूनच फोन आला, लगेच दवाखान्यात जा म्हणून. ताई, आईला काहीच होत नव्हतं, हेच मला सांगायचंय. दोन दिवस पाय जड वाटतायत, जिना चढवत नाही एवढंच म्हणत होती आणि आम्ही म्हटलं वय झालं. तिकडे ईसीजी काढला तर त्यात बदल दिसत होते, लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र, रात्रभर छातीला वायरी लावलेल्या. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबू शकतं आणि त्याआधी माणसाला काही कळेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाण्यापिण्याची सगळी यादी विचारली. मी पथ्याची यादी घडाघडा सांगितली, त्यात नोनी नव्हताच. आईच बोलली, "आणि तो माझा रस". डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

फक्त नोनीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, किडनी खराब होतीच, बीपीच्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं असं तेव्हा कळलं. पण रस बंद केला आणि गोळी बदलली, त्यानंतर आईचं पोटॅशियम पाचच्या वर गेलेलं नाही. प्लीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब देऊ नका.

---

प्रयोगवही

फूड केमिस्ट्री हे माझं काम आहे, ज्यूस आणि पल्पचं टेस्टिंग बरीच वर्षं केलंय, तेव्हा रसाबद्दल जेवढं खात्रीने सांगता येईल तेवढं सांगतो. औषधाबद्दल तुमचे किडनीचे डॉक्टरच बोलतील.

दिवेलागण ताईंनी लिहिलंय तसं किडनीच्या पेशंटमध्ये खरंच नोंदवलं गेलंय. अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेसमध्ये २००० साली एक केस छापून आली होती, किडनी कमजोर असलेला माणूस, कमी पोटॅशियमचं पथ्य पाळतो म्हणतो आणि तरी रक्तात पोटॅशियम वाढलेलं. खोदून विचारल्यावर निघालं की नोनी ज्यूस पितोय. त्या डॉक्टरांनी रसाचे नमुने तपासले तर लिटरला सुमारे ५६ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघालं, म्हणजे जवळपास संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाएवढं. फरक एवढाच की संत्र्याच्या रसाला किडनीचा पेशंट नको म्हणतो आणि नोनीला हो म्हणतो.

आता जरा हिशोब करू, कारण घाबरवायचंही नाहीये. ५६ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे लिटरला साधारण २२०० मिलिग्रॅम. तुमची आत्या म्हणते तसा दिवसाला १२० मिली घेतला तर साधारण २६५ मिलिग्रॅम पोटॅशियम जाईल. दिवेलागण ताईंच्या आईंचा दीडशेचा पेला दोन वेळा, म्हणजे ६६०. बऱ्याच किडनी पेशंटना दिवसभराचं सगळं मिळून दोन हजाराच्या आसपास ठेवायला सांगतात, त्यात हे ६६० कुणी मोजतच नसेल तर काय होणार. निरोगी किडनीचा माणूस एवढं पोटॅशियम आरामात लघवीवाटे बाहेर टाकतो, त्याला काही होत नाही. म्हणून "मी घेतला, मला काही झालं नाही" हे तुमच्या आत्याच्या बाबतीत खरं असू शकतं आणि तेच बाबांच्या बाबतीत चुकीचं ठरू शकतं.

एक गोष्ट आत्ताच तपासा, बाबांच्या बीपीच्या गोळीचं नाव. पाकिटावर ब्रँडच्या खाली जे मूळ नाव असतं ते बघा. शेवटी "सार्टन" असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन) किंवा "प्रिल" असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल), किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर या गोळ्या शरीरात पोटॅशियम अडवून धरतात. गोळ्या चांगल्या आहेत, किडनीसाठीच देतात, स्वतःहून अजिबात बंद करायच्या नाहीत. पण त्यांच्या जोडीला पोटॅशियमवालं काही रोज घेणं म्हणजे दोन्ही बाजूंनी ढकलणं.

ब्रँडचं विचारलंत. नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया, आपण बारतोंडी म्हणतो ते झाड. पॅसिफिक बेटांवर फार जुन्या काळापासून वापरात आहे, पण तिकडे त्याचा जास्त वापर पानं आणि फळं गळवांवर, जखमांवर बांधायला, मुळ्या आणि साल रंगासाठी, आणि दुष्काळात दुसरं काही नसेल तेव्हा खायला. रोज पेलाभर रस पिणं हा प्रकार बाजाराने आणलाय. पिकलेल्या फळाचा वास एकदा घेतला तर विसरत नाही, हेक्झानॉइक आणि ऑक्टानॉइक ॲसिडमुळे येतो, बोकडाच्या अंगाला येतो त्यातला. सेशेल्स बेटांवर एक फळमाशी आहे, ती याच फळावर वाढते, बाकीच्या फळमाश्या त्या ॲसिडने मरतात. बाटलीत द्राक्ष आणि ब्लूबेरी घालायचं मोठं कारण हा वास आणि ही चवच आहे. तुमच्या बाटलीचा जांभळट काळा रंग पण बहुतेक त्यांचाच, पिकलेलं नोनी पांढरट पिवळं असतं.

युरोपात हा रस २००३ साली रीतसर परवानगी घेऊन आला, ताहितियन नोनी नावाचा, पाश्चराइज केलेलं फळांचं पेय म्हणून. त्याच्या आधी डिसेंबर २००२ मध्ये तिथल्या वैज्ञानिक समितीने कागदपत्रं तपासून मत दिलं की दिवसाला ३० मिलीच्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही, आणि त्याच मतात हेही लिहिलं की इतर फळांच्या रसापेक्षा वेगळा असा आरोग्याचा काही खास फायदा आहे याला पुरावा दिसत नाही. पहिलं वाक्य सगळे विक्रेते दाखवतात.

लिव्हरबद्दलही ऐकाल म्हणून सांगून ठेवतो. २००५ मध्ये ऑस्ट्रियातून नोनी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापून आल्या, त्यातल्या एकाला लिव्हर बदलावं लागलं. मग युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये सगळं पुन्हा तपासलं आणि नोनीमुळेच झालं असं म्हणायला पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष काढला. तेव्हा लिव्हरवरून मी कुणाला घाबरवणार नाही. पोटॅशियमचं मात्र साधं रसायनशास्त्र आहे, ते फळात आहे म्हणजे बाटलीत आहे, ब्रँड कुठलाही असो. आणि लेबलवर ओळ नाही याचा अर्थ शून्य आहे असा होत नाही.

---

सूर्यफूल

मला इथे थोडं वेगळं मांडायचंय, रागावू नका. मी दोन वर्षं नोनी घेतेय, रोज तीस मिली, माझी पाठ फार धरायची, आता मी जमिनीवर बसून उठू शकते. माझी किडनी वगैरे नॉर्मल आहे. पेनकिलरच्या गोळ्या खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं होतं, त्या सुटल्या हे माझ्यासाठी फार मोठं आहे. तुम्ही सगळे पुरावा पुरावा म्हणता पण ज्याला दुखतंय त्याला विचारा. आणि अँटिऑक्सिडंट तर असतातच ना यात, ते तर खोटं नाही? नैसर्गिक गोष्टीला एवढं झोडपून काढायची गरज वाटत नाही.

---

प्रयोगवही

सूर्यफूल ताई, तुमची पाठ बरी आहे हे वाचून खरंच बरं वाटलं, आणि पेनकिलर सुटल्या ही तर फारच चांगली गोष्ट, किडनीसाठीसुद्धा. तीस मिली, किडनी नॉर्मल, तुम्हाला आवडतोय, यात मी काही बोलणार नाही. फक्त शुगर असेल तर त्यातली द्राक्षाची साखर मोजा.

पाठदुखी वरखाली होत राहते, आणि आपण नवीन काहीतरी सुरू करतो ते नेमकं फार दुखत असतं तेव्हा. त्यामुळे पुढच्या महिन्यात बरं वाटलं तर श्रेय कुणाचं हे एका माणसावरून सांगता येत नाही, त्यासाठी दोन गट करून, कुणाच्या बाटलीत काय आहे हे दोघांनाही न सांगता तपासावं लागतं. हवाई विद्यापीठाने कॅन्सरच्या पेशंटमध्ये नोनीच्या पावडरीच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या होत्या, २००९ मध्ये छापून आलं. पेशंटना त्या सोसल्या, काहींना थकवा आणि दुखणं थोडं कमी वाटलं, पण गाठी आक्रसल्या नाहीत. तो सुरुवातीच्या टप्प्याचा अभ्यास होता, डोस किती झेपतो हे बघायला केलेला.

अँटिऑक्सिडंट असतात, ते खोटं नाही. पण परीक्षानळीत एखादा रस किती अँटिऑक्सिडंट आहे हे मोजायची ओरॅक नावाची एक पद्धत आहे, त्याचे आकडे कंपन्या वर्षानुवर्षं बाटलीवर छापत होत्या. अमेरिकेच्या कृषी खात्यानेच त्या आकड्यांचा तक्ता बनवला होता आणि २०१२ मध्ये त्यांनीच तो वेबसाइटवरून काढून टाकला, कारण नळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही आणि जाहिरातीत त्याचा गैरवापर होत होता. आणि जास्त म्हणजे चांगलंच असंही नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे, त्यांना बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातलं अँटिऑक्सिडंट गोळीतून देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एक पदार्थ उपसून रोज भरपूर देणं वेगळं.

फळांतून खरं औषध निघतच नाही असंही मी म्हणत नाही. अननसाच्या खोडातल्या ब्रोमेलेन या एन्झाइमपासून भाजलेली मेलेली कातडी काढायचं औषध बनलंय, युरोपात २०१२ आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण ते भाजलेल्यांच्या वॉर्डात डॉक्टर जखमेवर लावतात, आणि त्याचा डोस, वेळ, परिणाम सगळं तपासलेलं आहे. अननसाचं आहे म्हणून कुणी ते घरी पाठवत नाही.

---

माघारीफिरलेला

मी हे लिहू का नको असा तासभर विचार केला, पण ताईंच्या आत्यासाठी लिहितो.

मी साडेतीन वर्षं अशाच एका फळाच्या रसाचं काम करत होतो, साखळी पद्धतीने, आपल्या खाली माणसं जोडायची. कंपनी कुठली ते सांगत नाही. आत्याचा हेतू वाईट नाही हे आधी लक्षात घ्या, बाटली घेऊन येणाऱ्यांमध्ये नव्वद टक्के लोक असेच असतात, जीव लावणारे, आणि साखळी चालते ती त्यांच्यावरच. जाहिरात बघून आपण दहा शंका काढतो, बहिणीच्या हातातल्या बाटलीवर कोण शंका काढणार.

आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं की "बरं होतं" असं कधी म्हणायचं नाही, "मला फरक पडला" असं म्हणायचं. रोगाचं नाव घ्यायचं नाही, अनुभव सांगायचा, समोरचा स्वतःच्या आजाराशी जोडून घेतो. हॉलमध्ये एकेक जण उठून माइकवर अनुभव सांगायचा, टाळ्या, मग पुढचा. ज्याला फरक पडला नाही तो पुढच्या मीटिंगला येतच नसे, त्यामुळे हॉलमध्ये फक्त फरक पडलेलेच बसलेले असत आणि मला वर्ष दीड वर्ष हे लक्षातच आलं नाही.

दुसरी शिकवण जास्त वाईट. कुणाला जुलाब झाले, अंगावर पुरळ आलं, मळमळ झाली तर सांगायचं की शरीरातलं विष बाहेर पडतंय, डोस कमी करू नका, वाढवा. मी हे माझ्या तोंडाने लोकांना सांगितलंय. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी रस सुरू केला आणि शुगरच्या गोळ्या निम्म्या केल्या, मी त्यांना गोळ्या कमी करा म्हटलं नव्हतं पण करू नका असंही म्हटलं नाही. त्यांच्या पायाची जखम चिघळून अंगठा काढावा लागला. त्या दिवशी मी दवाखान्यात बाकावर बसलो होतो आणि काकू मलाच म्हणाल्या, तू एवढं आणून दिलंस रे. माझं तिथंच संपलं सगळं.

बाटलीवरच्या "झेरोनाइन"चं सांगतो, कारण मी ते पाठ केलं होतं. राल्फ हायनिकी नावाचे एक बायोकेमिस्ट होते, हवाईत अननसाच्या एन्झाइमवर काम केलेले. त्यांनी १९८५ मध्ये मांडलं की नोनीत प्रोझेरोनाइन असतं, शरीरात त्याचं झेरोनाइन होतं आणि ते पेशी दुरुस्त करतं. पुढे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेने तो पदार्थ वेगळा काढून त्याची रचना दाखवलेली नाही. पण शब्द इतका छान आहे की अजून लेबलवर फिरतोय.

नोनीचा धंदा जगभर नेला तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोरिंडा कंपनीने, १९९६ पासून, ताहितियन नोनी नावाने. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सास या चार राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी मधुमेह, डिप्रेशन, संधिवात अशा आजारांवरच्या दाव्यांना आधार नाही म्हणून हरकत घेतली, तेव्हा कंपनीने तडजोड केली, एक लाख डॉलर भरले आणि ग्राहकांना पैसे परत द्यायचं कबूल केलं. असे दावे करणार नाही असंही लिहून दिलं. हे सरकारी रेकॉर्डवर आहे. तुम्ही ज्या बारीक ओळीबद्दल विचारलंत, "निदान, उपचार, प्रतिबंधासाठी नाही", ती अमेरिकेच्या १९९४ च्या सप्लिमेंट कायद्यातून आलेली आहे. शरीराच्या कामाबद्दल गोलमोल काही म्हणायचं असेल तर ही ओळ छापावीच लागते. नोनी असो, मँगोस्टीन असो, आसाई असो, गोष्टीचा साचा एकच, लांबचं बेट किंवा जंगल, तिथले निरोगी लोक, त्यांचं गुपित फळ. फळ बदललं की पुन्हा पहिल्यापासून तीच मीटिंग.

---

निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार. दादा तुम्ही लिहिलंत त्याला हिंमत लागते.

वाचून लगेच फ्रिज उघडला. मी बाटली मागे सरकवून ठेवली होती आणि दुसरी खोक्यात होती. खोक्यातल्या बाटलीचं सील तुटलेलं आहे आणि रस तीन बोटं कमी झालाय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ताईने एवढ्या प्रेमाने आणलंय, तू देत नव्हतीस म्हणून मीच घेत होतो". चार दिवस घेतलाय, अंदाजाने, पेल्याने.

गोळी बघितली, टेल्मिसार्टन आहे. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टात पोटॅशियम ४.९ होतं. उद्या सकाळी तपासायला घेऊन जाते.

आत्याला कसं सांगू ते कळत नाहीये. तिला वाटेल मी तिच्यावर आरोप करतेय.

---

दिवेलागण

ताई, आरोपासारखं सांगूच नका. मी मावशीला सांगितलं होतं (आमच्याकडे मावशी होती) की तुझा रस डॉक्टरांना दाखवायला नेतेय, तूही चल. वाद डॉक्टरांसमोर होत नाही, तिथे सगळे ऐकतात. आणि बाटली सोबत घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका, लेबलसकट दाखवा. औषधांच्या यादीत सगळ्यात शेवटी "नोनी रस, किती मिली, कधीपासून" असं लिहून ठेवा. कॅप्सूल, पावडर, काढे, सगळं त्याच यादीत.

आणि अजून एक, किडनीच्या माणसाला कमरख म्हणजे स्टारफ्रूट, त्याचा रस, त्याची पावडर, काही म्हणजे काही नको. त्यात एक विष असतं, ते किडनीवाटेच बाहेर पडतं, नाही पडलं तर मेंदूवर जातं, उचकी लागते, फिट्स येतात, माणसं दगावली आहेत. "मिक्स ट्रॉपिकल फ्रूट" वाल्या बाटल्यांमध्ये काय काय आहे ते पूर्ण वाचा.

---

प्रयोगवही

+१. कमरखातलं ते विष २०१३ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी वेगळं काढलं, कॅरॅम्बॉक्सिन नाव आहे. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, कमजोर किडनीत ते साठतं.

उद्या रक्त काढताना एक बघा, दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधून मूठ उघडझाक करायला लावली तर नमुन्यातलं पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. आकडा जास्त आला तर डॉक्टर पुन्हा करायला सांगतील, तेव्हा लगेच हादरू नका, पण थांबूनही राहू नका.

---

निळीशाई

अपडेट देतेय. पोटॅशियम ५.४ आलं, पुन्हा नमुना घेतला तरी ५.३. ईसीजी नीट आहे. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पुढचं मागचं सगळं वाचलं आणि मला विचारलं, पोटॅशियम कुठे लिहिलंय यात? मी म्हटलं तेच शोधतेय. रस बंद, पथ्याची नवीन यादी, गोळी तीच ठेवलीये, आठवड्याने पुन्हा तपासणी. आठवड्याने ४.८ आलं.

आत्या सोबत आली होती. डॉक्टर तिच्याशी फार नीट बोलले, तुमची किडनी चांगली असेल तर थोडा घेतला तरी चालेल, भावाला नको, एवढंच. ती घरी येईपर्यंत गप्प होती, मग बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, मला काय माहीत रे. बाबाच तिला समजावत होते.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. स्वतःच्या गोळ्यांची पाकिटं समोर पसरून बसली होती आणि एकेक नाव मला वाचून दाखवत होती. बीपीची गोळी लोसार्टन निघाली, शेवटी सार्टन. वय ७७, क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं ते आठवत नाही, पोटॅशियम तर तिने कधी केलेलंच नाही. आठ महिने रोज दोनदा घेतेय ती. तिच्याकडच्या बाटल्या बाजूला ठेवायला सांगितल्यात, उद्या साडेसातला तिला रक्त तपासायला घेऊन जातेय.